वस्तीतलं भांडण बैठकीत नेण्याआधी: स्वयंसेवकासाठी पायरी-पायरीनं

सोलापुरात भांडण मिटवणाऱ्यांची कमतरता नाही. चाळीत आवाज चढला की कोणी अण्णा, कोणी माजी नगरसेवक, कोणी समाजाचा पुढारी खुर्ची टाकून बसतो. दोघांना हात मिळवायला लावतो, चहा होतो, आणि पंधरा दिवसांत तेच भांडण दुप्पट जोरानं सुरू होतं. पुनर्स्थापक न्यायाच्या पद्धतीनं काम करायला निघालेले नवे स्वयंसेवकही हाच घोळ करतात: पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतात.

या पद्धतीत तीन गोष्टी शोधायच्या असतात. कोणाला काय झळ बसली, ती कोणी आणि कशी भरून द्यायची, आणि पुन्हा तसं घडू नये म्हणून काय करायचं. गर्दीत यातलं काही कळत नाही. खाली आठ टप्पे दिले आहेत आणि बैठक त्यात सहावी आहे. आधीचे पाच गाळले तर बैठकच घेऊ नका.

समजायला सोपं जावं म्हणून एक बनवलेलं प्रकरण सोबत घेऊ. पूर्व भागातली एक चाळ. पाणी येण्याची रात्र. शेवटच्या खोलीतल्या बावीस वर्षांच्या तरुणानं नळाला मोटर लावली, पुढच्या खोलीतल्या विडी कामगार बाईनं हटकलं, शब्दाला शब्द वाढला. त्यानं तिच्या सुपाला लाथ मारली. दिवसभर वळलेल्या विड्या पाण्यात गेल्या, ती धडपडली आणि मनगट मुरगळलं. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, झाली.

## 1. आधी स्वतःची नोंदणी आणि हद्द

‘मी समाजसेवक आहे’ एवढ्या भांडवलावर कोणाच्या उंबऱ्यात शिरू नका. सगळ्यात सरळ वाट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची आहे. त्याचं कार्यालय सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशा तालुक्यांच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेखाली तिथे विधी स्वयंसेवक निवडतात, त्यांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र देतात. वकील असण्याची गरज नाही. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी असे लोक यात येतात. नेमून दिलेल्या कामाचं मानधन प्राधिकरणाकडून मिळतं. पक्षकारांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. रिक्षाभाडंसुद्धा नाही.

खेड्यात 2007 पासून तंटामुक्त गाव समित्या आहेत. गावात काम करणार असाल तर समितीला कल्पना द्या, पण समितीच्या अध्यक्षाला बैठकीचा अध्यक्ष करू नका. या बैठकीला अध्यक्ष नसतो.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे: दोन्ही बाजूंची आगाऊ संमती, तीन मध्यस्थांचं मंडळ, आणि झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ नाही. या कायद्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होत आली आहेत, म्हणून त्याचा आधार घ्यायचा असेल तर आधी प्राधिकरणात विचारून घ्या.

तपासा: दोन्हीपैकी कोणी तुमचा नातेवाईक, देणेकरी, घरमालक किंवा निवडणुकीतला सोबती आहे का? असेल तर प्रकरण दुसऱ्याला द्या. ‘मी तटस्थ राहीन’ यावर समोरच्यानं का विश्वास ठेवावा?

## 2. प्रकरण गाळून घ्या

इथे चुकलात तर पुढचं सगळं धोक्याचं. खालची प्रकरणं वस्तीच्या बैठकीत आणायची नाहीत, कोणी कितीही आग्रह केला तरी.

लैंगिक अत्याचार. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. यात तुम्हीही आलात. ‘घरातली गोष्ट आहे, मिटवून घेऊ’ म्हणणारा स्वतः गुन्ह्यात अडकतो.

नवऱ्याची किंवा सासरची मारहाण. ज्या माणसाची भीती आहे त्याच्याच समोर बाईला ‘मोकळेपणानं बोला’ म्हणणं म्हणजे तिला रात्री पुन्हा मार खायला पाठवणं. तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन 15100, महिलांसाठी 181.

ॲट्रॉसिटीची प्रकरणं, हत्यारं, टोळीची दहशत. ही पोलिसांची.

‘उसने पैसे’ म्हणून येणारी भांडणं नीट उलगडून बघा. दरमहा व्याज, कोरे चेक, घराची कागदपत्रं ताब्यात, असं काही दिसलं तर ती सावकारी आहे. त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जाते, तुमच्या बैठकीत नाही.

ज्याच्या हातून घडलं तोच अठरा वर्षांखालील असेल तर विषय बाल न्याय मंडळाचा. आपल्या मनानं बैठक लावू नका आणि त्याचं नाव कुठेही बाहेर जाऊ देऊ नका.

मग उरतं काय? शेजाऱ्यांची भांडणं, शिवीगाळ, किरकोळ मारहाण, नुकसान, पार्किंग, कचरा, लाउडस्पीकर आणि पाणी. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नसल्यामुळे शेवटचा प्रकार बारमाही.

सावधान: एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार; मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. एफआयआर झाला असेल तर गोष्ट वेगळी. ‘बैठक झाली की केस मागे घेऊ’ असं आश्वासन कधीही देऊ नका, कारण एफआयआर मागे घेण्याची सोय फिर्यादीच्याही हातात नसते. काही गुन्हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 खाली तडजोडीनं मिटतात, त्यातले काही फक्त कोर्टाच्या परवानगीनं, बाकीचे मुळीच नाहीत. आपला गुन्हा कशात बसतो ते वकिलाला विचारून वहीत लिहून ठेवा.

## 3. पहिली भेट: ज्याच्या हातून घडलं त्याची

आपली सहज धाव झळ बसलेल्या माणसाकडे असते. थांबा. त्या बाईला आधीच सांगितलंत, ‘तो मुलगा येईल, भरपाई देईल’, आणि मुलानं दारच लावून घेतलं, तर तिला दुसऱ्यांदा मार बसला. म्हणून आधी त्याला भेटून तो जबाबदारी घेतो का ते बघा. अपवाद एकच: तिनं स्वतःच तुम्हाला बोलावलं असेल तर आधी तिला भेटून ‘त्याला विचारून येऊ का?’ एवढं विचारा आणि तिच्या होकारावरच पुढे जा.

दोन स्वयंसेवकांनी मिळून जा. त्याच्या कामावर जाऊ नका. कारखान्यात मुकादमासमोर चौकशी झाली की मुलगा पहिल्या वाक्याला खोटं बोलतो. घरी, त्याची पाळी संपल्यावर.

प्रश्न साधे ठेवा. काय झालं? त्या वेळी डोक्यात काय होतं? नंतर काय वाटलं? कोणाकोणाला त्रास झाला असेल? ‘का केलंस?’ हा प्रश्न टाळा. त्यावर फक्त सफाई ऐकायला मिळते.

आपल्या प्रकरणात तो सांगतो की त्याची खोली लाइनीच्या शेवटी आहे, पुढच्यांचं भरेपर्यंत पाणी जातं आणि मोटर नसेल तर दोन बादल्या भरत नाहीत. ही माहिती सोन्यासारखी, पण ती लाथेचं कारण होत नाही. दोन्ही वहीत वेगळ्या पानांवर लिहा.

तपासा: ‘लाथ मी मारली’ हे तो स्वतःच्या तोंडानं म्हणतो का? ‘विड्या पडल्या’, ‘जरा धक्का लागला’ यावर समाधान मानू नका. तपशिलाबद्दल मतभेद चालतील, पण मूळ घटनाच नाकारत असेल तर हे प्रकरण इथेच बंद. त्याला पटवत बसणं हे तुमचं काम नाही.

## 4. दुसरी भेट: जिला झळ बसली तिची

इथे वेळ काढून जा. घड्याळाकडे बघायचं नाही. विडी कामगार बाईकडे सकाळी माल द्यायच्या घाईत गेलात तर ती ‘काही नाही हो, झालं ते झालं’ म्हणून तुम्हाला वाटेला लावेल, आणि तुम्ही खूश होऊन लिहाल: ‘पीडितेची तक्रार नाही.’ दुपारनंतर जा. ती सूप मांडीवर घेऊन काम करत असेल तर करू द्या. हात चालू असले की बोलणं मोकळं होतं.

भाषेचं आधी बघा. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडच्या कुटुंबात कन्नड, अनेक मोहल्ल्यांत उर्दू किंवा दखनी. माणूस बाजारात मराठी सफाईनं बोलतो म्हणून दुःखही मराठीत सांगेल असं नाही. सोबत ती भाषा येणारा स्वयंसेवक न्या. शाळकरी मुलीला दुभाषी करण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे, ती सोडा. आईला काय शिवी दिली हे मुलीच्या तोंडून वदवून घेऊ नये.

नुकसान खोलात जाऊन विचारा. ‘एक सूप विड्या’ असं लिहून मोकळे होऊ नका. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, तेव्हा त्या दिवसाची मजुरी गेली हे पहिलं. पानं आणि तंबाखू कंपनीनं मोजून दिलेली असते; माल कमी भरला तर तूट तिच्याच अंगावर, हे दुसरं. मनगटामुळे पुढचे काही दिवस निम्म्या विड्या झाल्या, हे तिसरं. आणि इतकं झाल्यावर ती हळूच सांगते की चौदा वर्षांची मुलगी आता रात्री पाण्याला जायला घाबरते. हे चौथं कुठल्याच एनसीत लिहिलेलं नसतं.

मग विचारा: ‘अक्का, तुम्हाला काय झालं तर बरं वाटेल?’ आणि गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. तुम्ही मध्येच ‘माफी मागितली तर चालेल?’ म्हणालात तर ती हो म्हणेल, कारण तुम्ही घरी आलेले पाहुणे आहात.

बैठकीला यायलाच हवं असं नाही हे तिला स्पष्ट सांगा. निरोपानं, पत्रानं किंवा तिच्या वतीनं नणंद येऊनही काम होतं. कधीही, बैठकीच्या मध्यातही, उठून जाता येतं. तक्रारीचा तिचा हक्क तसाच राहतो.

सावधान: एकाकडचं दुसऱ्याकडे नेताना परवानगी घ्या. ‘तुम्ही मुलीबद्दल सांगितलंत ते त्याला सांगू का, की तुम्हीच बैठकीत सांगाल?’ न विचारता सांगितलेली एक गोष्ट महिन्याची मेहनत घालवते.

## 5. जागा, वेळ, माणसं

दोन्ही बाजूंना किमान दोनदा स्वतंत्र भेटल्याशिवाय तारीख ठरवू नका.

जागा अशी हवी जिथे दोघांपैकी कोणीही पाहुणा नाही आणि कोणीही मालक नाही. नगरसेवकाचं संपर्क कार्यालय नको. कोणत्याही समाजाचं मंगल कार्यालय, मंदिर, दर्गा, तालीम नको. सुटीच्या दिवशी महापालिकेच्या शाळेचा वर्ग परवानगीनं मिळाला तर उत्तम. वाचनालयाची खोलीही चालते. खुर्च्या सारख्याच, गोलात, मध्ये टेबल नाही. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं बसवू नका, हसं होतं.

वेळ काढताना पाणी येण्याचा दिवस टाळा; निम्मं लक्ष नळाकडे राहतं. यंत्रमागाची रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी नऊला बसवू नका. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवात, रमजानमध्ये इफ्तारच्या सुमारास कोणी मिळणार नाही, आणि मिळालं तरी मन तिथे नसेल.

माणसं: प्रत्येक बाजूची जास्तीत जास्त दोन, त्यांनी स्वतः निवडलेली, आणि त्यांनाही आधी भेटायचं. हा भाग लोक हमखास गाळतात आणि मग बैठक सोबतच्या मामानं उधळली म्हणून कपाळाला हात लावतात. मालक, सावकार, पक्षाचा कार्यकर्ता हे आधाराला आलेले लोक नव्हेत, वजन टाकायला आलेले असतात. त्यांना नम्रपणे बाहेर ठेवा.

तपासा: दोघांना बैठकीचा क्रम, कोण कुठे बसणार, पहिला प्रश्न कोणता, हे सगळं माहीत आहे का? बैठकीत कोणालाही धक्का बसता कामा नये.

## 6. बैठक

दोन बाजू वेगवेगळ्या वेळी येतील असं बघा, म्हणजे जिन्यात गाठ पडणार नाही. मोबाइल बंद करून एका पिशवीत. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, गल्लीतला यूट्यूब पत्रकार तर नाहीच.

तुम्ही तीन वाक्यांत सुरुवात करा: आपण कशासाठी जमलो, कोणी कोणाला तोडायचं नाही, आणि इथे कोणी न्यायाधीश नाही. भाषण नको. ‘आपण सगळे एकाच चाळीतले, भावा-बहिणीसारखे’ हे तर मुळीच नको. ज्याचं नुकसान झालंय त्याला ते टोचतं.

क्रम असा ठेवा. आधी ज्याच्या हातून घडलं तो. तिनं आधी सुरुवात केली तर तो मनात उत्तरं जुळवत बसतो. त्यानं स्वतः ‘मी लाथ मारली’ म्हटलं की तिला ते सिद्ध करायचं ओझं राहत नाही. मात्र तिला आधी बोलायचं असेल तर तिचं ऐका, हे तयारीतच ठरलेलं असावं. त्याच्यानंतर ती, मग तिच्यासोबतची माणसं, शेवटी त्याच्यासोबतची. त्यांचं झालं की पुन्हा त्याच्याकडे वळा: ‘हे सगळं ऐकून तुला काय म्हणायचंय?’

बहुतेक वेळा बैठक इथे वळते. मुलगी पाण्याला जायला घाबरते हे त्याला माहीतच नसतं. मान खाली जाते, कोणी बोलत नाही. ही शांतता मोडू नका. नवा स्वयंसेवक नेमका याच क्षणी घाबरतो आणि म्हणतो, ‘चला, माग बघू माफी.’ सगळं गेलं. मागायला लावलेली माफी ऐकणाऱ्याला कळते.

सावधान: पाया पडायला लावू नका. आपल्याकडे ‘मावशीच्या पाया पड आणि विषय संपव’ फार चालतं. त्यात पोराचा अपमान होतो आणि बाईवर आशीर्वाद द्यायची सक्ती होते; नाही म्हणायची सोयच तिला उरत नाही. त्याला स्वतःहून वाकावंसं वाटलं तर ती गोष्ट त्या दोघांची.

आवाज चढला तर लगेच थांबवू नका. राग बाहेर यायलाच लोक बसलेत. धमकी, जातीवरून किंवा धर्मावरून शब्द, अंगावर धावणं, यांपैकी काही झालं की बैठक तिथेच बंद. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खोलीत नेऊन, आधी झळ बसलेल्या बाजूला सुखरूप घरी पोहोचवा.

शेवटचा प्रश्न तिला: ‘आता काय व्हायला हवं?’ मग त्याला: ‘यातलं तुला काय जमेल?’ उपाय त्यांच्या तोंडून येऊ द्या. तुमच्याकडे उत्तम तोडगा तयार असेल, तरी तो खिशातच ठेवा.

## 7. लिहून घेणं

चहा आता. तो होईपर्यंत तुमच्यापैकी एकानं कागद लिहावा. लोक त्या वेळात आपसात बोलतात आणि ते बोलणं कराराइतकंच मोलाचं असतं.

‘यापुढे गुण्यागोविंदानं राहू’ हे वाक्य खोडा. कोण, काय, किती, कधीपर्यंत, एवढंच. आपल्या प्रकरणात: विड्यांची मजुरी, माल-तुटीची रक्कम आणि मनगटामुळे बुडालेली मजुरी, तीन हप्त्यांत, तारखांसह. पाण्याच्या रात्री नळावर तो तिच्या मुलीच्या वाटेत येणार नाही. आपण बोललेले शब्द चुकीचे होते हे तो त्या रात्री हजर असलेल्या शेजाऱ्यांसमोर स्वतः सांगेल, तिनं तशी मागणी केली आणि त्याला ती मान्य आहे म्हणून. शेवटच्या खोल्यांना दाब मिळत नाही याचा अर्ज दोन्ही घरांच्या सह्यांनी महापालिकेच्या झोन कार्यालयात.

‘मोटर अर्ध्या तासानं लावायची’ असं मात्र लिहू नका. नळाला थेट मोटर लावायला महापालिकेची मनाई आहे, आणि नियमाविरुद्धचं कलम करारात आलं की कागदाची किंमत जाते.

त्याहून गंभीर चुका दोन. पहिली, दंड. दंड वस्तीला, मंदिराला किंवा समाजाला द्यायचा, गावजेवण घालायचं, ‘नाहीतर तुमच्याशी व्यवहार बंद’ असं ठरवायचं. ही जातपंचायत झाली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भरपाई फक्त ज्याचं नुकसान झालं त्याला. दुसरी चूक, ‘तक्रार करणार नाही’ असं लिहून घेणं. तिचा तो हक्क विकत घेता येत नाही.

स्टँप पेपरवर नोटरी केली की कोर्टाचा हुकूम झाला, हा समज काढून टाका. रक्कम मोठी असेल आणि पक्कं बळ हवं असेल तर विधी सेवा प्राधिकरणामार्फत दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोक अदालतीत न्या. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही, हे सही करण्याआधी दोघांनाही सांगा.

कागद ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवा. मग सह्या किंवा अंगठे. प्रत दोघांना.

## 8. पाठपुरावा

पहिली फेरी दोन-तीन दिवसांत, आधी तिच्याकडे. बैठकीनंतर गल्लीत काय बोललं जातंय, कोणी टोमणे मारतंय का, हे तिथेच कळेल. मग प्रत्येक हप्त्याच्या तारखेनंतर दोन्हीकडे. पैसे तुमच्या हातून जाऊ देऊ नका. थेट द्यावेत किंवा यूपीआयनं पाठवावेत, म्हणजे नोंद राहते.

हप्ता चुकला की लगेच ‘फसवलं’ म्हणू नका. यंत्रमाग बंद असेल तर मजुरीच नसते. त्याला भेटा, कारण विचारा, तिला कळवा, नवी तारीख दोघांच्या संमतीनं लिहा. दुसऱ्यांदाही चुकला आणि कारण पटत नसेल तर तिला सरळ सांगा की हा मार्ग इथे संपतो, आणि एनसीवर पुढे काय करता येईल यासाठी तिला प्राधिकरणाच्या वकिलाकडे घेऊन जा. बैठकीत कोण काय बोललं हे मात्र पोलिसांना, वकिलाला किंवा शेजाऱ्यांना सांगायचं नाही. करार झाला आणि पाळला गेला नाही, एवढंच सांगायचं. बैठकीत नवा गंभीर गुन्हा किंवा लहान मुलाला असलेला धोका उघड झाला, तर ती गोष्ट लपवून ठेवता येत नाही, हे पहिल्याच भेटीत दोघांना सांगून ठेवलेलं असावं.

शेवटचा हप्ता आणि झोन कार्यालयातल्या अर्जाची पोच मिळाली की दोघांना स्वतंत्र भेटून विचारा: ठरलं ते झालं का, काही राहिलं का. प्राधिकरणामार्फत आलेलं प्रकरण असेल तर त्यांना एका पानाचा अहवाल द्या: तारखा, काय ठरलं, काय झालं. भेटींच्या वहीतली पानं त्यात जोडू नका. ती दोघांना सांगून फाडून टाका.